नाक वर, शेपूट खाली

मी एक जुनी पिकअप गाडी आहे आणि मी रागावलेली आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की बहुधा डोळे पुसतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. माझी कहाणी रडण्याची नाही, भांडण्याची आहे.

ज्यांनी मला घडवले ती माणसे विचारी होती. रिकामी असताना मी मागून जराशी उंच दिसत असे. हौद्यात ओझे चढले की मागची बाजू दबे आणि मी सरळ होई. माझ्या मागच्या चाकांवर पोलादी पट्ट्या एकावर एक बांधलेल्या असतात. त्यांना पाटे म्हणतात. माणसाला कंबर, तसे मला पाटे. त्यांच्या जोरावर मी ओझे वाहिले. माझे दिवे रस्त्यावर पडत आणि चालकाला पुढचा खड्डा, कोंबडी, पोर, सगळे दिसत असे.

मला ताईने घेतले. ताई मधमाश्या पाळते. जिथे बागा फुलतात तिथे आपल्या पेट्या नेऊन ठेवते. फुलोरा सरला की पेट्या परत आणते. माश्या पेटीत निजलेल्या असतानाच, म्हणजे भल्या पहाटे, आम्ही निघत असू. "चल गं बाई, हळू. लेकी झोपल्यात," असे ती मला म्हणायची. मीही हिसका म्हणून देत नसे. पेटीतला मध हिंदकळला नाही की ती उतरताना माझ्या दारावर थाप मारी. मला तेवढे पुरे होते.

मग एकदा झाडावरचे पोळे उतरवताना ताई शिडीवरून पडली. पाय प्लास्टरमध्ये गेला आणि माझी किल्ली तिच्या धाकट्या भावाकडे गेली. घरात त्याला सगळे धाकट्याच म्हणत.

धाकट्या वाईट नव्हता, हे मला रागातही कबूल करावे लागते. पण त्याला लोकांच्या नजरेची फार हौस. तो मला धुण्यासाठी म्हणून घेऊन गेला तो थेट एका मिस्त्रीच्या दुकानात. शटरवर मोठमोठ्या गाड्यांचे फोटो होते. सगळ्यांची नाके आभाळात आणि मागचा भाग जमिनीला टेकायला आलेला. जणू कुत्री शेपटीवर बसली आहेत.

"पुढून उचलू, मागून बसवू," मिस्त्री म्हणाला. "गल्लीत शिरलास की माना वळतील."

मला जॅकवर चढवले. पुढे उंच स्प्रिंगा घातल्या. मागच्या पाट्यांतल्या निम्म्या पट्ट्या काढून कोपऱ्यात फेकल्या. कोणी मला विचारले नाही, ते जाऊ द्या. पण हिच्यात काय भरतात, हे तरी विचारायचे!

"पण पुढचं दिसेल ना?" धाकट्याने एकदा विचारले. हे मी स्वतः ऐकले.

"मान जरा उंच करायची. सवय होते," मिस्त्री म्हणाला.

वा रे वा! मान उंच केली की बॉनेटच्या आरपार दिसते वाटते?

घरी आलो तेव्हा ताई कुबड्या घेऊन ओट्यावर आली आणि बघतच राहिली.

"हे काय करून आणलंस?"

"ताई, रुबाब बघ ना! आता हिच्याकडे बघत राहतील लोक."

"अरे, ती नवरी आहे का बघायला? कामाची गाडी आहे. पाटे कुठायत तिचे?"

"मिस्त्रीकडे आहेत. गाड्यांचं प्रदर्शन होऊ दे, मग परत बसवतो. शप्पथ."

प्रदर्शन झाले. मला ढाल मिळाली. अनोळखी पोरे माझ्यापुढे उभी राहून फोटो काढत होती. आयुष्यात एवढे कौतुक माझ्या वाट्याला कधी आले नव्हते आणि एवढी लाजही कधी वाटली नव्हती. परत बसवायची शप्पथ मात्र ढालीबरोबर कपाटात गेली.

त्यातच बागवानकाकांचा निरोप आला. बाग यंदा लवकर फुलली होती, पेट्या ताबडतोब हव्या होत्या. मिस्त्रीचे दुकान बंद होते. ताईने कुबडीने माझे उरलेले पाटे ठोकून पाहिले. शेवटी म्हणाली, "एवढी एक खेप जाऊ. पण बैलगाडीसारखी चालव."

पेट्या चढल्या, ताई धाकट्याशेजारी बसली, तसे माझे मागचे अंग पार खाली गेले आणि नाक आणखी वर आले. पहाटेच्या अंधारात माझे दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडत होते. रस्ता काळा आणि झाडावरचे पक्षी मात्र उजेडात! पुढची चाके जमिनीला नीट धरत नव्हती. मी जमेल तसे सांगत होते. पाटे कुरकुरत होते, स्टिअरिंग थरथरत होते. धाकट्याने गाणे लावले.

बागेच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा उजाडत होते. बागवानकाका कंदील घेऊन आले. त्यांनी फाटकाचे एक दार ढकलले. दुसऱ्या दाराला दगड लावलेला होता, तो काढायला ते माझ्यापुढे उकिडवे बसले. धाकट्याला उघडे दार दिसले. काका दिसले नाहीत. त्याला वाटले, ते बाजूला झाले.

त्याने मला पुढे घेतले.

"थांब! काका कुठायत?" ताई किंचाळली.

मित्रांनो, पुढचे मी लांबवणार नाही. काकांचा गुडघा माझ्या आणि त्या दगडाच्या मध्ये सापडला. त्यांच्या ओरडण्याने बागेतली माणसे धावत आली. मागे पेट्यांमध्ये माश्या खवळून घोंघावत होत्या. त्यांना निदान डंख तरी होता. मला काय होते? एक हॉर्न, तोही दुसऱ्याने दाबायचा.

शेजारच्या जीपमधून काकांना इस्पितळात नेले. पेट्या उतरवून आम्हीही गेलो. मी इस्पितळाच्या फाटकाबाहेर उभी होते. बागवानकाकू तिथेच पायरीवर बसल्या होत्या. पदर तोंडाशी, डोळे कोरडे.

"काकू, गाडीच पुढे गेली हो," धाकट्या म्हणाला. "ब्रेक लागलाच नाही."

मी! मी पुढे गेले! माझ्या टाकीत पेट्रोल नव्हते, संताप होता त्या क्षणी.

ताईने कुबडी जमिनीवर आपटली. "खोटं बोलू नकोस. ब्रेक ठणठणीत आहे. खरं सांग त्यांना. नाहीतर मी सांगते. आणि मला ठाऊक असून मी निघाले, हेही सांगते."

धाकट्याची मान खाली गेली. "मला दिसलं नाही, काकू. गाडी मीच तशी करून घेतली होती."

काकू उठल्या. माझ्यापुढे आल्या, माझ्या वर गेलेल्या नाकाकडे त्यांनी पाहिले. मग त्याच्याकडे वळल्या.

"तुला बघायचं नव्हतंच रे बाबा. तुला लोकांना दिसायचं होतं."

एवढेच बोलून त्या आत गेल्या. मला आजवर कोणी एवढे नेमके बोललेले आठवत नाही.

पोलिसांनी जबाब घेतला, धाकट्याचा परवाना गेला. काकांचा पाय वाचला, पण गुडघा वाकेनासा झाला. ज्या माणसाचे निम्मे काम उकिडवे बसून करायचे, त्याला आता खाली बसता येत नाही. तो हंगामभर धाकट्या रोज चालत त्या बागेत गेला आणि काकांनी खुर्चीवरून सांगावे ते आळे खणत राहिला. ते त्याच्याशी कामापुरते बोलत. काकू तेवढेही नाही.

मला नवे पाटे बसले, पुढच्या उंच स्प्रिंगा निघाल्या. मी सरळ झाले. ताईचे प्लास्टर निघाल्यावर ती पहिल्यांदा मला घेऊन गेली ती त्याच मिस्त्रीकडे. शेजारी धाकट्या होता. शटरवर माझा फोटो लावलेला होता, ढालीसकट.

"तो काढा," धाकट्या म्हणाला. "त्या गाडीखाली माणूस आलाय."

"गाडी तू चालवत होतास, मी नाही," मिस्त्री म्हणाला. "मी फक्त गिऱ्हाइकाला हवं ते देतो."

धाकट्या स्टुलावर चढला आणि त्याने फोटो स्वतः टरकावला. मग जॅकवर चढलेल्या एका नव्याकोऱ्या पिकअपच्या मालकाला त्याने सगळे सांगितले, काकांच्या गुडघ्यासकट. त्या तरुणाने शांतपणे ऐकून घेतले.

"वाईट झालं," तो म्हणाला. "पण मी जपून चालवतो."

संध्याकाळी तीच पिकअप आमच्यासमोरून गेली. नाक वर, शेपूट खाली.

म्हणून माझा राग गेलेला नाही. मित्रांनो, तुमच्या घरात, शेजारात अशी गाडी आली, तर आधी तिची किल्ली हातात घ्या. मग एका मोठ्या माणसाला चालकाच्या जागी बसवा आणि दुसऱ्याला तिच्यापुढे उकिडवे बसायला सांगा. "दिसतोय का?" एवढेच विचारा. उत्तर नाही असे आले, तर किल्ली देऊ नका. रडा, ओरडा, दारात आडवे व्हा. मोठ्यांशी भांडू नये, असे तुम्हाला शिकवले असेल. या एका बाबतीत खुशाल भांडा.

तुम्हाला तोंड आहे. मला नव्हते.