अडतीस वर्षांची पार्सलं

शाळेतल्या पोरी पाठीमागे तिला गाठोडी सिस्टर म्हणायच्या, आणि तिला ते माहीत होतं. सातवीचा भूगोलाचा तास संपला की ती जिन्याखालच्या खोलीत शिरायची. तिथे जुने स्वेटर, अर्धवट वापरलेल्या वह्या, पेन्सिलींचे तुकडे यांचे ढीग असत. स्वेटर उसवून त्याच लोकरीच्या टोप्या विणायच्या, वह्यांची कोरी पानं काढून नव्या वह्या शिवायच्या, आणि सगळं मेणकापडात घालून, सुतळीनं आवळून समुद्रापलीकडच्या मिशनला धाडायचं. अडतीस वर्षं, दर वर्षाला चार पार्सलं. आजारपणातसुद्धा एक चुकलं नव्हतं.

लोक म्हणायचे, केवढी ही श्रद्धा. श्रद्धा होतीच. पण या कामाचं मूळ हेव्यात होतं, हे तिला आणि तिच्या देवालाच ठाऊक होतं.

त्याचं असं झालं. ती कॉन्व्हेंटात आली तेव्हा तिच्याबरोबर आणखी एक मुलगी आली होती. अंगानं एवढीशी, बोलायला चुरचुरीत. सगळ्या तिला चिमणी म्हणत. दोघींनी व्रतं घेतली एकाच सकाळी, आणि मिशनला पाठवा म्हणून अर्जही दिला एकाच दिवशी. जागा मात्र एकच होती. तेव्हाच्या मदरनी चिमणीला पाठवलं आणि हिला म्हणाल्या, "तुझं शिकवणं चांगलं आहे. तुझी गरज इथे आहे."

चांगलं शिकवायचं आणि त्याची शिक्षा म्हणून घरी बसायचं. वर्गात नकाशावर तो देश दाखवताना तिची काठी जरा जोरातच आपटायची. पहिलं पार्सल तिनं बांधलं ते केवळ ईर्ष्येनं. मी नाही तर नाही, माझ्या हातचं तरी तिथे पोचेल. पुढे कामाची गोडी लागली, हात बसला, आणि आतली ती खुपणारी गोष्ट लोकरीखाली दडून राहिली.

या वर्षी चिमणी परत आली. गुडघे गेले होते, छातीत खरखर होती. मदरनी तिला गाठोडी सिस्टरच्या शेजारचीच खोली दिली. आठवडाभरात सगळं कॉन्व्हेंट तिच्याभोवती गोळा झालं. मधल्या सुटीत पोरी तिच्या खुर्चीला गराडा घालायच्या. एरवी पार्सलाच्या खोलीत लोकर गुंडाळायला येणाऱ्या आठ-दहा पोरी होत्या, त्याही तिकडेच. गाठोडी सिस्टर एकटीच सुतळी ओढत बसायची.

मग मदरनी चिमणीला शाळेपुढे बोलायला लावलं. तिनं पूर आला ते सांगितलं, पाटी नव्हती तेव्हा दारावर कोळशानं लिहायला शिकवलं ते सांगितलं. पोरी कधी हसल्या, कधी डोळे पुसत राहिल्या. गाठोडी सिस्टर शेवटच्या रांगेत बसली होती. आता पार्सलांचं नाव घेईल, मग घेईल, म्हणून ती कान टवकारून होती. तास संपला. पार्सलांबद्दल चकार शब्द निघाला नाही.

त्याच दुपारी टपाल आलं. मिशनकडचं सगळं टपाल वर्षानुवर्षं तिच्याच हाती यायचं. त्यात एक पाकीट चिमणीच्या नावाचं होतं, अक्षर तरुण बाईचं. द्यायला उठली, आणि व्हरांड्यातून पोरींचा हसण्याचा आवाज आला. ती परत बसली. 'उद्या देऊ,' म्हणून तिनं पाकीट खणात टाकलं. उद्याचा परवा झाला. प्रार्थनेला गुडघे टेकले की ते पाकीट डोळ्यांपुढे यायचं, आणि चिमणीच्या खुर्चीभोवतीचा गराडा पाहिला की पुन्हा मनाला पीळ पडायचा. आठव्या दिवशी मात्र तिला स्वतःचीच लाज वाटली. तिनं पत्र नेऊन दिलं.

चिमणीनं ते वाचलं आणि पाकिटावरचा टपालाचा शिक्का निरखून पाहिला.

"माझी एक विद्यार्थिनी," ती म्हणाली. "आता नर्स झाली आहे. महिनाभर शिकायला इकडच्या इस्पितळात येणार होती. इथल्या स्टेशनावर तीन तास गाडी बदलायला थांबणार होती. या म्हणून लिहिलंय." तिनं पत्रातल्या तारखेवर बोट ठेवलं. "काल होतं ते."

"पत्र आठ दिवस माझ्याकडे होतं," गाठोडी सिस्टर म्हणाली.

"का?"

"तुझ्याभोवती सगळ्या जमतात म्हणून."

चिमणीनं पत्राची घडी घातली. "जा आता," एवढंच म्हणाली.

तीन आठवडे चिमणी तिच्याशी बोलली नाही. जेवायला बसलं की मिठाची वाटी सरकवायची, पण दुसरीकडे बघत. गाठोडी सिस्टरनं त्या नर्सला इस्पितळाच्या पत्त्यावर स्वतः पत्र लिहिलं: तुमचं पत्र माझ्यामुळे उशिरा पोचलं, दोष सिस्टरांचा नाही, परतीची तारीख कळवा. उत्तर आलं. त्या दिवशी तीच चिमणीला हाताला धरून स्टेशनावर घेऊन गेली.

नर्स गाडीतून उतरली ती थेट चिमणीच्या गळ्यातच पडली. हातातली पिशवी तिनं शेजारी उभ्या असलेल्या बाईकडे न बघताच दिली. गाठोडी सिस्टरनं ती धरली. पिशवी जड होती. मला अशी मिठी कोणी मारली होती कधी, असं तिच्या मनात आलं.

बाकावर बसल्यावर नर्स बोलत सुटली. "आठवतं ना सिस्टर, थंडीत तुम्ही ते पार्सल उघडायचात? आम्ही दाराशी रांग लावायचो. मला लाल काठाची टोपी मिळाली होती. आम्ही म्हणायचो, आपल्या सिस्टर दिवसभर शिकवतात आणि वर एवढं विणतात कधी?"

गाठोडी सिस्टरनं चिमणीकडे पाहिलं. चिमणी आपल्या चपलांकडे बघत होती.

गाडी सुटली, नर्सचा हात दिसेनासा झाला. मग गाठोडी सिस्टर म्हणाली, "त्यांना वाटायचं, टोप्या तू विणतेस."

"हो."

"आणि तू वाटू दिलंस."

"पहिल्या वर्षी मला काहीच जमत नव्हतं," चिमणी म्हणाली. "भाषा येत नव्हती. शिकवायला तर तुझ्यासारखं कधीच आलं नाही. पोरी फिरकायच्या नाहीत. तुझं पार्सल आलं आणि माझ्याभोवती जमल्या. हे दुसऱ्याच कोणाचं, असं सांगितलं असतं तर मी नुसती हमाल उरले असते. मग दर वेळी सांगायचं राहून गेलं."

"अडतीस वर्षं राहून गेलं? आणि मी आठ दिवस पत्र ठेवलं तर तीन आठवडे तोंड फिरवून बसलीस?"

"राग खरा होता माझा."

"माझा खोटा आहे का?"

दोघींचे आवाज इतके चढले की एका हमालानं डोक्यावरचं सामान सावरत मान वळवून पाहिलं. दोन म्हाताऱ्या सिस्टर, लाल तोंडं करून, नव्यानं दाखल झालेल्या पोरींसारख्या भांडत होत्या. गाठोडी सिस्टरला वाटलं होतं, खरं कळलं की मन हलकं होईल. उलट आता एका मिठीचा नव्हे, अडतीस वर्षांच्या मिठ्यांचा हेवा वाटू लागला. त्या सगळ्या तिच्या वाट्याच्या होत्या.

"शनिवारी पोरींपुढे सांगायचंस," ती म्हणाली. "माझ्यासमोर."

चिमणीनं सांगितलं. गोष्टी सांगणारी ती, पण त्या दिवशी अडखळली, दोनदा पाणी प्यायली. साऱ्या शाळेनं माना वळवून शेवटच्या रांगेकडे पाहिलं, आणि गाठोडी सिस्टरला हात कुठे ठेवावेत ते कळेना.

म्हणून हेवा गेला असं नाही. सोमवारी पोरी पुन्हा चिमणीच्याच खुर्चीभोवती होत्या, आणि पुन्हा तिला ते खुपलं. पण या वेळी ती लोकरीची टोपली घेऊन तिथेच गेली आणि चिमणीच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "तोंडाबरोबर हातही चालव." तेव्हापासून दोघी एकत्र बसू लागल्या. चिमणीची गाठ काही घट्ट बसायची नाही, ती दर वेळी सोडून पुन्हा मारावी लागायची.

पुढच्या पार्सलात चिमणीनं तिकडच्या पोरींना पत्र घातलं, हे सगळं कोण करत आलं ते लिहून. गाठोडी सिस्टरनं ते आधी वाचलं, शुद्धलेखनाच्या चार चुका लाल शाईनं दुरुस्त केल्या, आणि मग पार्सल शिवायला घेतलं.