उलट्या बाह्यांचा कोट

मास्तरांना देवाने अगदी अलगद उचललं. शनिवारी दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. असं मरण मागून मिळत नाही, असं जो तो म्हणत होता. पण त्यांच्या सुनेच्या घशाखाली घास उतरत नव्हता. ते जाण्याच्या आठच दिवस आधी तिनेच सासऱ्यांच्या हातातली सुई काढून घेतली होती.

शिवणकामाचं दुकान केव्हाच तिच्या हाती आलं होतं. तरी जुन्या दोस्ताचा, बेकरीवाल्या काकांचा कोट मास्तरांनी हट्टाने स्वतः शिवायला घेतला. संध्याकाळी सुनेने कोट टांगला आणि पाहते तर काय, उजवी बाही डावीकडे, डावी उजवीकडे! दारात गिऱ्हाईक, मशीनवर कामाचा ढीग. तिचं डोकंच फिरलं.

"बाबा, दिसत नाही तर बसता कशाला? उद्यापासून सुईला हात लावायचा नाही!"

एका शब्दाला दोन टोले परत करणारा तो माणूस, मान खाली घालून नुसतं "बरं बाई" म्हणाला. नंतर दुकानाची पायरी चढला नाही.

आज तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. प्रत्येकाने मास्तरांची एक आठवण सांगायची, आणि रडणाऱ्याने गॅलरीत जायचं, असा सासूबाईंचा हुकूम होता. जावई सांगत होता, "लग्नाच्या दिवशी मामांनी माझ्या पँटचे दोन्ही खिसे शिवून टाकले होते. दिवसभर हात ठेवायचे कुठे, तेच कळेना!" हशा उसळला. सून मात्र स्वयंपाकघरात धुतलेल्याच कपबशा पुन्हा धूत होती. तिची पाळी आली तर काय सांगणार होती ती?

बेकरीवाले काका पाणी प्यायला आत आले. अंगात तोच कोट. तिला हुंदका आवरेना.

"काका, माझ्या बोलण्याने बाबा खचले हो. आठ दिवस रुसून बसले आणि गेले."

"रुसून?" काकांचा पेला तोंडाशीच थांबला. "म्हणजे तुला अजून कळलंच नाही? अगं, एक सांग. त्या बाह्या उसवायला किती वेळ लागला तुला?"

ती आठवू लागली. रागाच्या भरात तिने दोरा ओढला होता, आणि अख्खी बाही हातात आली होती. दुसरीही तशीच. पक्की शिलाई अशी येते होय?

"कच्चा टाका होता..." ती पुटपुटली.

"मग! पन्नास वर्षं कोट शिवणारा माणूस बाह्या उलट्या लावेल? परीक्षा घेत होता तुझी. गिऱ्हाइकासमोर सासऱ्याची भीड धरून माल तसाच देते का, ते बघायचं होतं त्याला. तू झापलंस आणि हा नाचत माझ्याकडे! म्हणतो, 'पोरगी पास झाली, आता मी सुटलो.' आठ दिवस बेकरीत बसून पत्ते कुटले त्याने. हरला की रडी खेळायचा."

"मग मला सांगायचं नाही का?"

"रविवारी सांगणार होता, सगळ्यांसमोर. तोवर तोंड उघडायचं नाही, अशी शपथ घातली होती मला. देवाने एक दिवस आधीच हाक मारली, त्याला तो काय करणार? मला वाटलं, कच्चा टाका बघून तुला कळलंच असेल."

सून मटकन खाली बसली. छातीवरचा दगडी पाटा कुणीतरी उचलून नेल्यासारखं झालं. आधी रडू आलं, मग त्यातूनच हसू फुटलं, ते थांबेचना. आवाज ऐकून सासूबाई धावत आल्या.

"काय गं, काय झालं?"

"आई, बाबा एक नंबरचे लबाड होते!"

"तुला आज कळलं?" सासूबाईंनी तिला हात धरून उठवलं. "चल बाहेर. तेच सांग सगळ्यांना."

पदराने तोंड पुसत सून बाहेर आली आणि भरल्या खोलीत, कुणी विचारायच्या आत, बोलायला लागली.