वायर ओढली तेव्हा

मित्रांनो, दुकानाच्या काचेआड चमकणारा माइक मी नव्हे. मी एक जुना माइक आहे. माझ्या जाळीला पोचा पडला आहे, आणि तो कसा पडला हे आठवलं की आजही मी सुन्न होतो.

फरीदाबादच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. काही वर्षं मी लग्नांच्या मांडवांत ओरडणारी माणसं सोसली. मग मयुरा मडावीने मला जुन्या सामानातून उचललं. मयुरा एटापल्लीजवळच्या एका गोंड गावची, दिल्लीत शिकायला आलेली. जन्मल्यावर सगळ्यांनी तिला मुलगा म्हटलं होतं. मयुरा हे नाव तिने स्वतः घेतलं. तिथल्याच मुनिरका भागातल्या खोलीत ती माझ्या अगदी जवळ येऊन, गोंडीत आणि मराठीत, स्वतः रचलेली गाणी गाई. सोबत गिटारचे चार-दोन सूर, बस्स. माझ्याशी इतक्या हळू आवाजात तोवर कुणीच बोललं नव्हतं.

तिने रेकॉर्ड केलेली ती गाणी फोनवर ऐकून दिल्लीतल्याच आर. के. पुरमच्या मराठी मंडळाच्या सुधाकररावांनी तिला बोलावलं. "काय आवाज आहे! नक्की या," असा आग्रह केला.

मंचावर मला स्टँडला लावून ती म्हणाली, "मी ट्रान्स आहे. हे गाणं माझ्या आईसाठी. ती माझ्याशी बोलत नाही."

पहिली ओळ संपते न संपते तोच सुधाकरराव ताडकन उठले. "फॅमिली प्रोग्राम आहे यार, हे काय!" असं म्हणत त्यांनी माझी वायर खसकन ओढली. मी स्टँडसकट खाली आपटलो.

माझा विश्वासच बसेना. ज्याने बोलावलं, त्यानेच? तेही एवढ्या भरल्या सभागृहात!

तरी मयुरा गात राहिली, तितक्याच हळू. पंख्यांच्या घरघरीत तिचे शब्द बुडत होते.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून सुधाकररावांच्या आई, विजयाबाई, म्हणाल्या, "सुधाकर, पंखे बंद कर. मला ऐकू येत नाहीये."

"अगं आई, पण..."

"बंद कर म्हटलं ना!"

पंखे थांबले. दोन-तीन कुटुंबं उठून गेली. बाकीचे घाम पुसत, खुर्च्या उचलून पुढे सरकले. मी जमिनीवर मुका पडलो होतो, चकित होऊन ऐकत होतो. माझ्यावाचून तिचा आवाज शेवटच्या भिंतीपर्यंत पोहोचत होता.

सुधाकररावांनी माफी मागितली नाही. गाणं संपल्यावर त्यांनी मला उचललं, रुमालाने पुसलं आणि मान खाली घालूनच तिच्या हाती दिलं.

मित्रांनो, आम्हाला धुळीपासून जपा, आमच्या वायरी पिळू नका. आणि कुणी अगदी हळू बोलत असेल, तर त्याला गप्प करण्याआधी जरा जवळ जाऊन बसा.