नारळ कोणी नेला

सलग दोन वर्षं कमळाबाईंचा नारळ परत आला होता.

नारळी पौर्णिमेला ऐन भरतीत घरातल्या वडीलधाऱ्या बाईनं खाडीत नारळ सोडायचा आणि पाणी फिरलं की ओहोटीनं तो दर्याला न्यायचा, अशी डोंबिवलीच्या खाडीकाठच्या त्या कोळ्यांच्या घरची रीत होती. गेल्या दोन्ही खेपेला मात्र नारळ जलपर्णीत अडकला आणि पिशव्या-बाटल्यांच्या संगतीत काठालाच घुटमळत राहिला. कमळाबाईंचा नवरा नाथा गेल्यापासून त्याची होडीही काठालाच बांधलेली होती. मुलगा हितेश कंपनीत कामाला जायचा.

"आये, यंदा नारळ परत आला तर होडी विकायची," तो म्हणाला. "गिऱ्हाईक तयार आहे."

"आन गेला तं?"

"तर पुन्हा विषय काढणार नाय. तुझी शपथ."

"माझी कशाला? तुझी सोताची घे की!"

सून प्राप्ती तोंडाला पदर लावून हसली. ती मुरबाडकडची, डोंगरातली. खाडीची ही देवाणघेवाण तिला अजून पुरती उमगली नव्हती.

त्या आठवड्यात घाटात पाऊस कोसळत होता. कर्जत, बदलापूर, कल्याण करत लाल पाणी खाली येत होतं. पौर्णिमेला दुपारी कमळाबाईंनी सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ हळदकुंकू वाहून पाण्यात ठेवला. एरवी त्या वेळेला पाणी क्षणभर थबकतं, मग माघारी फिरतं. यंदा ते थबकलंच नाही. नारळ सरळ मधल्या धारेला लागला आणि बघता बघता पुलाखालून दिसेनासा झाला.

"घे, जिंकलीस!" हितेश म्हणाला. तोंड पडलं होतं, पण शब्द मोडणाऱ्यातला तो नव्हता.

कमळाबाईंनी वाकून पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"आये, थुंक, थुंक ते! गटारं सुटलीत त्यात!"

त्या थुंकल्या. पाणी गोडं होतं. पौर्णिमेची भरती, आणि खारेपणाचा लवलेश नाही. वरून आलेल्या लोंढ्यानं दर्याला खालीच कुठेतरी रोखून धरलं होतं. तो इथवर चढलाच नव्हता.

हे त्यांच्याखेरीज कुणालाही कळलं नव्हतं, कळणारही नव्हतं. त्या थोडा वेळ पायरीवर बसल्या. होडी समोरच होती.

"हितेश, गिऱ्हाइकाला बोलाव."

"का? नारळ गेला ना!"

"गेला. पन ज्याला दिला त्यानं नाय नेला. दर्या आलाच नाय यंदा. ह्ये डोंगराचं पानी."

"मग आमच्या काळू नदीचंही असेल त्यात," प्राप्ती म्हणाली. "आणि आई, ते तरी शेवटी समुद्रालाच मिळणार ना? त्यानं नेला काय, ह्यानं नेला काय."

कमळाबाईंनी सुनेकडे पाहिलं. पोरीचं बोलणं खोटं नव्हतं. ते धरून ठेवलं असतं तर होडी राहिली असती, आणि हितेशनंही हूं की चूं केलं नसतं.

"मिलंल, बाय," त्या म्हणाल्या. "पन आमचा येवहार दर्याशी हाय. तो दारात येतो, आमी देतो. वाटेतल्या कुनाच्या हाती पाठवत नाय."

हितेशनं फोन काढला, पण लावला नाही. "उद्या करतो," तो म्हणाला.

"आताच कर."

पदर खोचून त्या होडीत उतरल्या. तळाशी पावसाचं पाणी साचलं होतं. बघायला येणाऱ्याला होडी कोरडी दिसावी, म्हणून त्या डब्यानं ते उपसून खाडीत टाकू लागल्या.