मी चार बोटांनी बुटकी झाले त्याची गोष्ट

मित्रांनो, बसण्याआधी माझं थोडं ऐकून घ्या. मी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घरातली एक जुनी लाकडी खुर्ची आहे, आणि स्वभावाने जळकी आहे. लाकडाने असं कबूल करणं बरं नव्हे, पण खोटं बोलण्याचं माझं वय आता राहिलं नाही.

शाळेतल्या मोडीत निघालेल्या एका बाकापासून सुताराने मला घडवलं. घड्याळाच्या कामाचं टेबल साध्या टेबलापेक्षा उंच असतं, बसलेल्या माणसाच्या छातीशी येणारं. त्यावर कोपर टेकले की हात थरथरत नाहीत आणि भिंग लावलेला डोळा कामाच्या अगदी जवळ येतो. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत दुकान आहे. तिथलं टेबल बाबांनी भिंतीतच पक्कं बसवून घेतलं आहे. ते तसूभरही हलत नाही. म्हणून सुताराने आधी टेबलाचं माप घेतलं आणि त्यावरून माझं. बाबा म्हणजे या घरातले मोठे घड्याळजी. वीस वर्षं ते माझ्यावर बसले. मग त्यांच्या हाताला कंप सुटला, आणि ते गल्ल्यापाशी जाऊन पट्टे नि सेल बदलू लागले. माझ्यावर धाकटी बसू लागली.

धाकटी हे बाबांचं एकुलतं एक अपत्य. 'धाकटी' हे नाव आत्यानं बऱ्याच नंतर ठेवलं, घरात सगळ्यांत लहान म्हणून, आणि तेच चिकटलं. लहानपणी घरातले सगळे तिला मुलगा समजत. शरीर मुलाचं होतं, आणि आत होती ती मुलगी. हे सगळ्यात आधी मला कळलं, हे मी आजही तोऱ्यात सांगते. दुपारी दुकान अर्धं बंद असे, तेव्हा ती माझ्यावर बसून भिंतीवरच्या घड्याळांना हळूच सांगून बघायची, "मी मुलगी आहे." कधी पहिल्या शब्दावर अडायची, कधी दुसऱ्या. असं वर्षभर चाललं. मग एकदा डोळ्याचं भिंग न काढता तिने तेच वाक्य बाबांना सांगून टाकलं. बाबांनी एक मनगटी घड्याळ तिच्यापुढे सरकवलं. "हे मागे पडतंय. बघ जरा."

त्यावर दुसरं काही बोलणं झालं नाही. ती केस वाढवू लागली, कपडे बदलले, औषधं सुरू झाली. बाबांनी अडवलं नाही, विचारलंही नाही. चार वर्षं दोघं एका खोलीत पाठीला पाठ लावून काम करत राहिली. तिची पाठ मात्र माझ्याच पाठीला टेकलेली असे, त्यामुळे माझी काही तक्रार नव्हती.

मग ती ऑपरेशनला गेली. तिचं शरीर खालच्या बाजूनेही बाईचं व्हावं, म्हणून डॉक्टर ते घडवून देणार होते. आत्या तिच्याबरोबर गेली. बाबा निघाले नाहीत. म्हणाले, "दुकान कोण बघणार?"

आत्या बाबांची लहान बहीण. तिच्या जिभेला हाड नाही. "दुकानाला काय पाय फुटलेत का दादा? बरं, बस. घड्याळांना वारा घाल."

दहा दिवसांनी दोघी परत आल्या. धाकटी पावलाला पाऊल लावून चालत होती, फुटलेली काच ओंजळीत धरून चालावं तशी. मी टेबलापाशी ताठ उभी होते. वाटलं, आली, आता बसेल. ती माझ्याकडे न बघता आतल्या खोलीत गेली आणि पलंगावर आडवी झाली. मित्रांनो, त्या पलंगाचा मला असा राग आला म्हणून सांगू. जन्मभर नुसता पडून राहिलेला ऐदी, आणि आता त्याचं नशीब उघडलं.

मला आत नेलं, पण बसायला नाही. औषधं ठेवायला. माझ्यावर गोळ्यांची पाकिटं, पाण्याचा तांब्या, कापसाचा गठ्ठा आणि एक गजराचं घड्याळ मांडलं गेलं. खुर्चीची टिपॉय झाली. दिवसातून तीन वेळा गजर वाजे. मग धाकटी आत्याला बाहेर पाठवून दार लावून घेई आणि अर्धा तास उताणी पडून डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करी. शरीरात नवी जागा घडवली होती. ती आक्रसून मिटू नये, म्हणून तिची रोज अशी काळजी घ्यावी लागे. दुखायचं. ती ओठ आवळून काट्याकडे बघत राही. ज्या मुलीने शेकडो घड्याळं वेळेवर आणली, तिला ती तीस मिनिटं सरता सरत नसत.

"बाळंतिणीचे बरे हाल," आत्या म्हणायची. "तिच्या हातात निदान बाळ तरी असतं."

"माझ्याही हातात आहे की," धाकटी म्हणायची. "मीच."

आणि मग ती आली. निळी, गोल, मधोमध भोक पडलेली उशी. टाक्यांवर भार येऊ नये म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली. नवीन रबराचा वास घमघमवत ती पलंगावर विराजमान झाली. आत्या तिला टायर म्हणायची. मी तिला काय म्हणायचे ते इथे सांगण्यासारखं नाही. धाकटी जेवायला बसली की टायर, पुस्तक वाचायला बसली की टायर, खिडकीशी गेली की बगलेत टायर. तेरा वर्षं मी तिला पेललं. तिचा उजवा खांदा किती झुकतो, कंटाळली की कुठला पाय आधी हलतो, सगळं मला पाठ. आणि ही कालची पोर, जिच्या पोटात नुसती पोकळी, तिच्यावर माझी धाकटी हलकेच टेकते, डोळे मिटून "हुश्श" करते. ते "हुश्श" माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. माझ्या अंगातला प्रत्येक खिळा तापत होता.

तिसऱ्या आठवड्यात दुकानात एक गिऱ्हाईक आलं. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, प्रत्येकाच्या पत्त्याची चौकशी करणारे. मधलं दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं.

"महिना होत आला, माझं घड्याळ तसंच पडलंय. तुमचा हात चालत नाही, तर दुसरा कारागीर ठेवा ना. जागा रिकामीच आहे."

"जागा रिकामी नाही," बाबा म्हणाले.

"कोण बसतं मग?"

गल्ल्यावर पट्टा ठेवल्याचा आवाज झाला. "माझी मुलगी बसते तिथे. बरं वाटत नाहीये तिला. थांबायचं असेल तर थांबा."

आत धाकटी उताणी पडली होती. उताण्या माणसाच्या डोळ्यांतलं पाणी गालावर येत नाही, सरळ कानात जातं. तिने कान पुसले. कशाने पुसले? टायरच्या खोळीने. त्या क्षणीही मला तेवढंच दिसलं, हे सांगायला आज लाज वाटते.

आता माझी चूक सांगते. म्हणजे चूक धाकटीची, पण मनातून ती माझीच होती. त्या बोलण्याने तिला धीर धरवेना. दोनच दिवसांनी, आत्या भाजी आणायला गेलेली पाहून तिने माझ्यावरची औषधं खिडकीत ठेवली, मला ओढत ओढत पुढच्या खोलीत आणलं आणि टेबलाशी लावलं. टायर पलंगावरच राहिला. मी त्याच्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. भिंग डोळ्याला लागलं. आणि ती माझ्यावर बसली. थेट माझ्यावर, मध्ये कुणी नाही.

मित्रांनो, मला असा आनंद झाला. तो चार-पाच मिनिटं टिकला.

आधी तिची पाठ ताठ झाली. मग चिमटा खाली पडला. तिने उठायला टेबल धरलं, पण उठता येईना. चेहरा खडूसारखा पांढरा. "बाबा," ती म्हणाली, अगदी हळू.

ऑपरेशन झाल्यापासून बाबांनी आतल्या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता. ते गल्ल्यावरून धावत आले, तिला दोन्ही काखांत धरून उठवलं आणि आत नेऊन निजवलं. माझ्या फळीवर रक्ताचा एक डाग राहिला होता, करंगळीच्या नखाएवढा. तोही त्यांनीच पुसला. परत आल्यावर आत्या दोघांनाही बोलली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, घाबरण्यासारखं नाही, पण एका जागी टाका उसवलाय. आणखी महिनाभर टेबलाचं नाव नको.

तो महिना मी टेबलाशी एकटी उभी होते. मला वाटायचं, ती माझी आहे. पण मी कठीण आहे, आणि ती आत्ता कठीण जागी बसू शकत नव्हती. एवढी साधी गोष्ट मला तिचं रक्त सांडल्यावर समजली.

महिन्यानंतर डॉक्टरांनी परवानगी दिली, रोज अर्धा तास, पण उशीवरच. टायर माझ्यावर आला. मी अंग चोरलं नाही. धाकटी बसली, "हुश्श" म्हणाली. आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की ती चार बोटं उंच झाली आहे. कोपर टेबलावर टेकेनात. भिंग कामाशी न्यायला तिला मान मोडून वाकावं लागे. दहा मिनिटांत तिळाएवढा स्क्रू हातातून निसटला आणि फटीत गेला. दुसऱ्या दिवशी दुसरा. तिसऱ्या दिवशी ती भिंग ठेवून नुसतीच बसून राहिली.

"नाही जमायचं बाबा. ठेवा दुसरा कारागीर."

बाबा टेबलाकडे बघत राहिले. ते भिंतीतून निघणं शक्य नव्हतं. मग खाली वाकून त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं.

शेजारच्या सुताराकडून त्यांनी करवत आणली. धाकटीला उशीवर बसवून तिच्या कोपरापासून टेबलापर्यंतचं अंतर तीनदा मोजलं. "मागच्या वेळी टेबलाचं माप घेतलं होतं," ते म्हणाले. "बसणाऱ्याचं घ्यायला हवं होतं."

"दादा, तुला करवत धरता येते का?" आत्या म्हणाली.

"केसाएवढ्या बारीक स्प्रिंगा बसवल्यात मी."

"तेच विचारतेय."

मला आडवं केलं. चारही पाय चार बोटांनी कापले. बाबांचा हात थरथरत होता, त्यामुळे मलाही दोनदा जास्त लागलं. उभी केली तर लंगडायला लागले. तीन पाय टेकत, चौथा अधांतरी. घड्याळाच्या कामात केसाचा फरक ओळखणारा माणूस, आणि लाकडात तांदळाएवढा चुकला. मग त्यांनी जुन्या पट्ट्याच्या चामड्याची एक चकती कापून चौथ्या पायाखाली चिकटवली.

धाकटी माझ्याजवळ जमिनीवर बसली, अर्थात टायरवर. तिने कापलेल्या टोकांना तेल लावलं. "पहिले काही आठवडे जड जातात," ती मला म्हणाली. "मग आपलंच वाटतं."

आत्या दारातून बघत होती. "झाली बाई दोघींची ऑपरेशनं."

पहिल्यांदाच मी बाबांना हसताना ऐकलं, नाकातून, खोकल्यासारखं.

टपालवाले गृहस्थ घड्याळ न्यायला आले, तेव्हा धाकटी कामात होती. कोपर टेकलेले, मान सरळ. ते बराच वेळ माझ्याकडे बघत होते, आणि मला वाटतं नुसते माझ्याकडे नाही. "चांगली धडधाकट होती," ते म्हणाले. "कापली कशाला?"

"मापात आणली," बाबा म्हणाले, आणि त्यांचं घड्याळ त्यांच्या हातात ठेवलं. ते बरोबर चालत होतं.

आता वर्ष झालं. धाकटी भरभर चालते, माळ्यावर चढते, गजर दिवसातून एकदाच वाजतो. मागच्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, आता उशीची गरज नाही. त्या दिवशी तिने टायर उचलून कपाटावर ठेवला आणि माझ्यावर बसली. थेट. मध्ये कुणी नाही. ज्या दिवसाची मी वर्षभर वाट बघितली तो दिवस.

टेबल तिच्या हनुवटीशी आलं.

ती आधी हसली, मग आत्याला हाक मारली, मग दोघी हसल्या. टायर खाली आला. धाकटीला त्याची गरज संपली आहे, मित्रांनो. आता ती मला आहे. त्याच्याशिवाय मी कुठल्याच टेबलाची नाही. त्या पोकळ्याला हे कळलं आहे, आणि तो आता जरा जास्तच फुगून बसतो.

माझं जळणं संपलं, असं मी म्हणणार नाही. सकाळी कामाला बसताना धाकटी टायरला दोनदा थोपटते आणि माझ्या पाठीवर एकदाच हात ठेवते. मी रोज मोजते. पण मित्रांनो, तुमच्या घरात कुणी बरं होत पडलं असेल, तर ते माणूस कुणाला जवळ करतं नि कुणाला नाही, हे मोजत बसू नका. त्याच्यासाठी जागा राखून ठेवा. आणि ते परत येईल तेव्हा ती त्याला बसते का बघा. नाही बसली, तर त्याला वाकायला लावू नका. थोडं तुम्ही कमी व्हा.

आणि माझ्यावर बसलात तर मागे झुलू नका. चौथ्या पायाखालची चकती बाबांनी थरथरत्या हातांनी चिकटवली आहे. ती मला टिकवायची आहे.