आठ आवाजांचं मशीन

एडवणच्या नवशाला जो आजार जडला होता त्यावर पालघरच्या कुठल्याही दवाखान्यात औषध नव्हतं. तो जळत होता. आणि ज्याच्यावर जळत होता तो दिग्विजय दिसेल तिथं त्याला वाकून नमस्कार करायचा. त्यानं तर आणखीनच भडका उडायचा.

नवशा तसा बोटीवरचा माणूस. पण लग्नसराई आली की बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवायचा, आणि एडवणपासून उमरोळीपर्यंतच्या हळदी वीस वर्षं त्याच्याच होत्या. डावा हात ताल बदलायच्या बटणांवर, उजवा पट्ट्यांवर. उजव्याचीही चारच बोटं चालायची. करंगळीशेजारचं बोट जाळं ओढायच्या विंचात सापडून कायमचं ताठ झालेलं, ते बिचारं वरच राहायचं. चार बोटांत त्यानं अख्खा किनारा नाचवला होता, पाचव्याची आठवणही त्याला येत नसे.

दिग्विजय मूळचा साताऱ्याकडचा, जन्म बोईसरचा. वडील वीज प्रकल्पात, हा तारापूरच्या कारखान्यात. हौस म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यानं सिंथ आणला. साध्या कीबोर्डासारखे भरून दिलेले सूर नाहीत, नॉब फिरवून फिरवून सूर आपणच घडवायचा. बघता बघता कोळगावची सुपारी त्याला गेली, मग उमरोळीची. नवशा म्हणायचा, नव्याचे नऊ दिवस. पण दिवस मोजता मोजता दोन लग्नसराया उलटल्या.

खरा घाव घातला तो घरच्याच माणसानं. जिवली, त्याची सख्खी आत्या, पंचक्रोशीतली नावाजलेली धवलारीण, लग्नाची गाणी म्हणणारी. हळदीला ती धवला म्हणणार आणि नवशा खाली चार पट्ट्या धरून तिला सूर देणार, हे ठरलेलं. उमरोळीच्या हळदीत तो सूर दिग्विजयनं दिला, नवशा नुसता पाहुणा. परत येताना आत्या रिक्षात नवशाशेजारी बसून म्हणाली, "पोराचा सूर गोधडीवानी हाय रं. अंगावर घेतला का बरं वाटतं."

नवशानं तोंडातल्या तोंडात शिवी घातली. वीस वर्षांत त्याच्या सुराला तिनं पोतेऱ्याचीही उपमा दिली नव्हती.

त्यात बहिणीच्या मुलीचं, हिमानीचं लग्न निघालं. हिमानी दिग्विजयच्याच कारखान्यात कामाला. ती म्हणाली, "मामा, धवल्याला सूर तूच दे. मंग नाचाला दिग्विजय वाजवल." नवशा हसून बरं म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी मासळी विकून तडक पालघर गाठलं.

वाद्यांच्या दुकानात मेहुल बसला होता. नवशानं खुर्चीवर टेकायच्या आधीच विचारलं, "त्या दिग्विजयनं तुज्याकडनंच नेला ना सिंथ? कसा हाय तो?"

"चार आवाजांचा," मेहुल म्हणाला. "म्हणजे एका वेळी चार पट्ट्या वाजणार. पाचवी दाबली की पहिली गप्प."

"मंग मला आठ आवाजांचा दे."

मेहुल हसला. "नवशाभाई, तुमाला करायचंय काय आठ आवाजांचं?"

"त्याज्यापेक्षा डबल पायजे."

मेहुलनं दोन मशीनं पुढ्यात ठेवली. किंमत जवळपास सारखीच. एक दिग्विजयसारखंच, चार आवाजांचं, पट्ट्या नेहमीच्या रुंदीच्या. दुसरं आठ आवाजांचं, पण पट्ट्या बारीक, पोरींच्या करंगळीएवढ्या. रुंद पट्ट्यांचं आठवालं हवं तर दुप्पट पैसे, ते नवशाच्या आवाक्यातलं नव्हतं.

"हात ठेवून बघा आधी," मेहुल म्हणाला. "तुमी दोर ओढणारी माणसं. बोटं मावायला पायजेत."

नवशानं एका बोटानं एक पट्टी दाबली. सूर दुकानभर पसरला, काचा थरथरल्या. त्याच्या डोळ्यांपुढं दिग्विजयचा पडलेला चेहरा आला, आणि त्या चेहऱ्यापायी त्यानं दुसरं बोट ठेवलंच नाही. "बांध," तो म्हणाला.

घरी आल्यावर कळायचं ते कळलं. चार पट्ट्या एकदम धराव्या तर शेजारच्याही ओरडायच्या. बायको भागी म्हणाली, "बदलून आणा की." पण बदलून आणायचं तर चार आवाजांचं आणायचं, म्हणजे दिग्विजयएवढंच. ते त्याच्या घशाखाली उतरेना. बोटांना सवय होईल, तो म्हणाला. बोटं काय त्याच्या बोलण्यानं बारीक होणार होती!

हळदीची संध्याकाळ आली. मांडवाच्या एका टोकाला दिग्विजयनं नाचासाठी आपलं मशीन लावून ठेवलं होतं. नवशाला बघून तो उठला, वाकला. नव्या मशीनकडं बघून म्हणाला, "आठवालं घेतलंत काका? भारीच!" त्याच्या बोलण्यात कुठं वाकडं सापडतं का ते नवशानं शोधलं. सापडलं नाही, म्हणून तो जास्तच चिडला.

हिमानी पाटावर बसली. जिवली आत्यानं धवला धरला. त्यांच्यात धवला मधेच तुटला तर नवरीला अपशकुन मानतात, म्हणून एकदा लागलेला सूर हळद चढेपर्यंत सोडायचा नाही. नवशानं पट्ट्या धरल्या. पहिलं कडवं निभावलं. दुसऱ्यात हाताला घाम आला, जाड बोट घसरून दोन पट्ट्यांच्या मधे बसलं, आणि मांडवात असा बेसूर घुमला की हळद लावणाऱ्या बायकांचे हात थांबले. त्यानं सावरलं, पुन्हा तेच. आत्याचा आवाज डळमळला. बहिणीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

तेवढ्यात मांडवाच्या टोकाकडनं सूर आला. सरळ, भरलेला. आत्याचा आवाज त्यावर टेकला आणि पुढं निघाला. नवशानं मशीनवरनं हात उचलला आणि हळद चढेपर्यंत मान वर केली नाही. धवला वाचला याचा आनंद त्याला व्हायला हवा होता. त्याला झाला नाही. त्याला वाटलं, याच्या मशीनवर आत्ताच्या आत्ता समुद्र येऊन पडावा.

हळद उरकली. बायका जेवणाकडं वळल्या. नवशा उठून दिग्विजयसमोर उभा राहिला. "तुला पगार हाय," तो म्हणाला. "मोठ्या पट्ट्यांचं आठवालं घेता आलं असतं. चारवर का भागवलंस?"

दिग्विजय लाजला. "तुमचे हळदीचे व्हिडिओ बघूनच शिकलोय मी, काका. दोन वर्षं रोज. तुम्ही चारच बोटं टाकता. म्हटलं, चार आवाज पुरे." त्यानं उजवा हात पट्ट्यांवर ठेवला. अंगठा, दोन बोटं, करंगळी. करंगळीशेजारचं बोट वर, ताठ. "हे वर धरायला फार दिवस लागले. आधी गोळे यायचे. पण मी म्हटलं, नवशाकाकांची पद्धत आहे, त्यात काहीतरी असणार."

नवशा त्या बोटाकडं बघतच राहिला. धडधाकट, तरुण बोट, आणि दोन वर्षं बिचारं उगाच उपाशी. याच्या चार बोटांनीच नवशाच्या सुपाऱ्या नेल्या होत्या. पाचवं उतरलं तर नवशाला कीबोर्ड माळ्यावरच टाकावा लागेल. गप्प राहायला काही लागत नव्हतं. नुसतं हसून मान हलवली असती तरी भागलं असतं.

तो हसलाही. मान हलवायला गेला आणि त्याला आत्याचा तो टेकलेला आवाज आठवला.

"पद्धत कसली डोंबलाची," तो खेकसला. "माजं बोट विंचात चिरडलं. वाकत नाय म्हणून वर हाय. खाली घे त्ये."

नवशानं दिग्विजयला चारी पट्ट्या दाबून धरायला लावल्या, त्याचं ताठ बोट धरलं आणि स्वतःच्या हातानं पाचव्या पट्टीवर दाबलं. पाचवा सूर लागला, आणि पहिला गप्प झाला.

"बघ," नवशा म्हणाला. "आता तुला आठवालं लागल. माजं ने. तुजी बोटं बारीक हायत. तुजं ह्ये माज्याकडं ऱ्हाऊ दे, मला चार पुरं."

दिग्विजय वाकायला लागला. "वाकू नको रं," नवशा म्हणाला, "लई जळतं मला." आणि त्याला बाजूला सारून तो चार आवाजांच्या मशीनपुढं बसला.