भट्टीचं झाकण

मल्हारगंजात एका किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर काच-कलाकारांचं मंडळ भरायचं. रविवारी सकाळी दहा-बारा माणसं अरुंद जिना चढून वर यायची. कोणी रंगीत काचेचे दिवे करायचं, कोणी काचेवर नक्षी कोरायचं, कोणी भट्टीत काचेचे तुकडे एकजीव करून थाळ्या नाहीतर भिंतीवर लावायची पॅनल बनवायचं. आधी पोहे, मग काम, आणि कामापेक्षा गप्पा जास्त. कोणाच्या बोटाला काच लागली की सगळेच एकदम डॉक्टर व्हायचे.

मंजिरी या मंडळाची सचिव. प्रदर्शनासाठी हॉल ठरवण्यापासून भट्टीची पाळी लावण्यापर्यंत सगळं तिच्याकडे. आणि तिला ते आवडायचंही. पण काच हातात धरायला तिला शिकवलं होतं ते धम्मदीनाताईंनी. ताई तासाभरावरच्या महूच्या. वडील फौजेत होते, ताईंनी स्वतः आयुष्यभर कॉलेजात फिजिक्स शिकवलं आणि निवृत्तीनंतर या काचेच्या नादाला लागल्या. पहिल्याच दिवशी मंजिरी काचेवर कटर टेकवायला धजेना, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "घाबरतेस कशाला? काच आपण तोडत नाही गं. तिला वाट दाखवायची, ती आपणहून दुभंगते."

त्याच ताईंच्या डोळ्यांच्या पडद्यात बिघाड झाला. जिथे बघावं तिथेच मधोमध धुरकट ठिपका यायचा. तो वाढत जाणार, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. मग ताईंनी एक पॅनल करायला घेतलं. महूच्या घरासमोरचा रस्ता, दोन्ही बाजूंची झाडं, सकाळचं ऊन. पानांचे तुकडे मसुरीच्या डाळीएवढे. भिंगाखाली धरून एकेक पान कापत त्यांनी पावसाळा घालवला.

"आजवर केलं ते सगळं वाटून टाकलं," त्या म्हणायच्या. "हे मात्र माझ्या घरात राहणार. दिसतंय तोवर रोज बघीन."

पॅनल भट्टीत गेलं ते नेमकं प्रदर्शनाच्या आठवड्यात. ताईंनी भट्टीच्या स्क्रीनला नाक लावून तापमानाचे आकडे स्वतः टाकले आणि बजावलं, "रविवारी सकाळीच झाकण उघडायचं. काच जाड आहे, सावकाश निवू दे."

"पण ताई, प्रदर्शन शनिवारी संध्याकाळी आहे."

"असू दे की. माझ्याशिवाय प्रदर्शन अडतंय का?"

मंजिरीला मात्र ते पटलं नाही. हॉलमधली समोरची भिंत तिने या पॅनलसाठीच मोकळी ठेवली होती, चार जणांना तसं सांगूनही बसली होती. शिवाय तिच्या मनात एक चित्र होतं: ताई हॉलमध्ये येताहेत, समोर दिव्यांच्या उजेडात त्यांचं पॅनल लखलखतंय, आणि ताई थबकून बघताहेत. त्या चित्रात ताईंचा आनंद किती आणि आपली मिरवण्याची हौस किती, हे पुढे तिने पुष्कळदा निवडून बघितलं. तिला ते कधीच वेगळं करता आलं नाही.

शनिवारी दुपारी ती आणि रजत मंडळात होते. रजत दिवे बनवायचा. भट्टीची देखभालही तोच करायचा.

"मंजिरीताई, अजून दीडशे डिग्रीच्या वर आहे," स्क्रीन बघून तो म्हणाला. "नको यार. ताईंनी साफ सांगितलंय ना?"

"उघड कुठे म्हणतेय मी? झाकण बोटभर उचलून ठेव. जरा हवा लागेल, लवकर निवेल."

"रिस्क आहे हं."

"रजत, जबाबदारी माझी. झालं?"

रजतने झाकणाखाली विटेचा तुकडा सरकवला.

साडी बदलून मंजिरी परत आली तोवर काच हात लावण्याइतकी निवली होती. दोघांनी पॅनल उचलून टेबलावर ठेवलं. रस्त्यावर झाडांच्या सावल्या पडल्या होत्या आणि मधूनमधून पिवळं ऊन सांडलं होतं. मंजिरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघ, काही झालं का?" असं ती रजतला म्हणणार, तेवढ्यात टिक् असा आवाज आला. नखावर नख वाजावं, तेवढाच. वरच्या कोपऱ्यातून एक रेघ निघाली, झाडांमधून खाली आली, रस्त्यावर तिला फाटा फुटला. पॅनलचे तीन तुकडे झाले.

रजत स्टुलावर बसून राहिला.

संध्याकाळी ताई मुलाचा, पंचशीलचा, हात धरून हॉलमध्ये आल्या. मंजिरी दारातच त्यांना सामोरी गेली.

"ताई, तुमचं पॅनल... भट्टीत तडकलं."

पुढचं वाक्य तिच्या ओठांवर होतं. पण ताईंनी तिचा हात हातात घेतला. मग हळूच म्हणाल्या, "माझाच आकडा चुकला असणार. आठ आणि तीन मला हल्ली सारखेच दिसतात."

"आई, मी कधीचा म्हणतोय ना," पंचशील म्हणाला, "आता हे सगळं बस कर."

"तसं नाही, ताई..." मंजिरीने सुरुवात केली. तेवढ्यात पाहुणे आल्याची गडबड उडाली. मागून कोणीतरी ओरडलं, "मंजिरीजी, दीप लावायचाय, जल्दी!" आणि मंजिरी गेली. खरं म्हणजे तिला जाता आलं, म्हणून ती गेली.

रविवारी सांगू, असं तिने मनाशी ठरवलं. रविवारी ताई आल्याच नाहीत. पंचशील एक खोका घेऊन आला. त्यात ताईंचे कटर, चिमटे, भिंग, उरलेली रंगीत काच होती.

"आईने मंडळाला द्यायला सांगितलंय. म्हणाली, मी भट्टीजवळ येणं आता बरं नाही."

मंजिरीने खोका घेतला. तेव्हाही ती बोलली नाही. पंचशील गेल्यावर रजत जिन्यात तिला म्हणाला, "मंजिरीताई, तुम्ही सांगताय का मी सांगू?"

"मीच सांगते."

पण आज-उद्या करता करता दिवाळी आली, मग नात्यातलं एक लग्न निघालं. ती महूला गेली तेव्हा थंडी पडली होती.

ताई व्हरांड्यात उन्हाला बसल्या होत्या. मंजिरीने बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. विटेचा तुकडा, साडी, टेबल, सगळं. ताई मान कलती करून ऐकत होत्या.

"काचेचं काही नाही मला," ताई म्हणाल्या. "काच आहे, तडकणारच. पण त्या दिवसापासून मी गॅस पेटवला नाही, मंजिरी. औषधाची गोळी घ्यायची तरी पंचशीलला हाक मारते. वाटलं, जन्मभर ज्या आकड्यांवर पोट भरलं तेच आपल्याला फसवायला लागले, तर आता कशाचा भरवसा धरायचा?"

"ताई, मी..."

"तेव्हा मला अजून दिसत होतं गं. दिवाळीपर्यंत दिसत होतं. एखादं छोटं काम झालं असतं."

"आणि आता?"

"आता कडेकडेचं दिसतं. बोगनवेल दिसते. तुझा चेहरा नाही दिसत."

मंजिरी रडायला लागली. ताईंनी तिला गप्प केलं नाही. थोड्या वेळाने आत बघून त्यांनी हाक मारली, "पंचशील, यांना चहा दे रे."

त्या "यांना"चा अर्थ मंजिरीला कळायला वेळ लागला नाही.

पुढच्या रविवारी तिने सगळ्यांसमोर झालेलं सांगितलं आणि सचिवपद सोडलं. कोणी तिला बोल लावला नाही. "अरे, होता है," म्हणून कोणीतरी तिच्या हातात पोह्यांची प्लेट दिली. तिने ती तशीच खिडकीत ठेवून दिली. दुपारी तिने रजतबरोबर खोका पुन्हा महूला पाठवला. ताईंनी तो ठेवून घेतला.

माघात ताई मंडळात यायला लागल्या. खिडकीपाशी खुर्चीत बसायच्या. नव्या मंडळींनी कापलेल्या काचेच्या कडेवरून अलगद अंगठा फिरवून सांगायच्या, "इथे दाब कमी पडला बघ." सगळ्यांची चौकशी करायच्या. मंजिरीचीही. "कशा आहात?" विचारायच्या, आणि मंजिरी म्हणायची, "बरी आहे, ताई." पॅनलचे तीन तुकडे जोडून देऊ का, असं तिने एकदा विचारून बघितलं. "राहू द्या," ताई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्यावर काहीतरी बोलता आलं असतं.

दुपारी पंचशीलच्या गाडीचा हॉर्न वाजला की ताई निघायच्या. जिना अरुंद, पायऱ्या उंच. एकदा मंजिरी सगळ्यांच्या आधी उठली आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन तिने हात पुढे केला. ताईंना तो दिसला की नाही, देव जाणे. त्यांनी भिंत चाचपली, रजतचा खांदा सापडल्यावर तो धरला, आणि एकेक पायरी मोजून खाली उतरल्या.